कमी मागणीची शाखा आणि विद्यापीठाचे दार : सॉल्ट लेकमधील पर्यायांचा परिचय

पदविका किंवा विज्ञानाची पदवी घेऊन विद्यापीठात अभियांत्रिकीच्या वरच्या वर्गात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दरवर्षी एक पेच उभा राहतो. मनातील शाखा मिळते, पण नामांकित विद्यापीठ मिळत नाही. नामांकित विद्यापीठ मिळते, पण तेथे कमी मागणीची शाखा घ्यावी लागते. अशा वेळी विद्यापीठासाठी शाखेशी तडजोड करावी का, आणि केल्यास कोणत्या गोष्टी तपासून घ्याव्यात, हा प्रश्न केवळ चार वर्षांचा नसतो. पदवी प्रमाणपत्रावर छापलेले शाखेचे नाव पुढे नोकरीच्या प्रत्येक अर्जात लिहावे लागते.

या प्रश्नाची जवळजवळ सर्व रूपे कोलकात्याच्या पूर्वेकडील सॉल्ट लेक या एकाच वसाहतीत पाहावयास मिळतात. मुद्रण, बांधकाम, ऊर्जा, चर्मतंत्रज्ञान, प्रकाशशास्त्र अशा सहसा चर्चेत नसणाऱ्या शाखा येथे शासकीय संस्थांत माफक शुल्कात शिकविल्या जातात. त्यांचा आणि तेथे पोहोचण्याच्या मार्गांचा हा परिचय.

सॉल्ट लेकची शैक्षणिक वसाहत

खाऱ्या पाण्याची दलदल हुगळी नदीच्या गाळाने भरून सॉल्ट लेक हे उपनगर वसविण्यात आले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय (कार्यकाळ १९४८ ते १९६२) यांच्या पुढाकाराने ही योजना आकारास आली आणि त्यांच्याच स्मरणार्थ वसाहतीस 'बिधाननगर' हे अधिकृत नाव मिळाले. आराखडा युगोस्लाव्हियाचे नगररचनाकार दोब्रिवोये तोश्कोविच यांचा. वसाहतीचे विभाग 'सेक्टर' या नावाने आणि त्यांतील उपविभाग इंग्रजी अक्षरांच्या जोड्यांनी ओळखले जातात. सेक्टर पाचमध्ये संगणक कंपन्यांची कार्यालये आहेत, तर सेक्टर तीनमध्ये अनेक शिक्षणसंस्था एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत.

सेक्टर तीनमधील 'एलबी' उपविभागात जादवपूर विद्यापीठाचे दुसरे संकुल आहे. याच उपविभागात शासकीय अभियांत्रिकी व चर्मतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. जवळच 'जेडी' उपविभागात कलकत्ता विद्यापीठाचे तंत्रज्ञान संकुल आहे. सन २००० च्या कायद्याने स्थापन झालेले पश्चिम बंगाल तंत्रज्ञान विद्यापीठही प्रारंभी सॉल्ट लेकमधूनच चालत असे. आज ते मौलाना अबुल कलाम आझाद तंत्रज्ञान विद्यापीठ या नावाने ओळखले जाते आणि त्याचे मुख्य संकुल नदिया जिल्ह्यातील हरिणघाटा येथे आहे. राज्यातील बहुतेक खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत.

प्रवेशाचे तीन मार्ग

पहिला मार्ग बारावीनंतरचा. पश्चिम बंगाल संयुक्त प्रवेश परीक्षा मंडळ ही परीक्षा घेते. मंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. परीक्षेतील गुणवत्ता क्रमांकानुसार विद्यापीठ आणि शाखा यांचे एकत्रित वाटप होते.

दुसरा मार्ग पदविकाधारकांचा. तीन वर्षांची तंत्रशिक्षण पदविका उत्तीर्ण झालेल्यांसाठी 'जेलेट' ही स्वतंत्र परीक्षा होते. तीमधून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. बारावीस गणित विषय असलेल्या विज्ञान पदवीधरांनाही हा मार्ग खुला आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमानुसार पदविकेस किमान ४५ टक्के, तर आरक्षित प्रवर्गासाठी ४० टक्के गुण आवश्यक असतात. विज्ञान पदवीधरांना दुसऱ्या वर्षाच्या विषयांबरोबर पहिल्या वर्षातील अभियांत्रिकी आलेखन आणि अभियांत्रिकी यामिकी हे विषयही उत्तीर्ण व्हावे लागतात.

तिसरा मार्ग कलकत्ता विद्यापीठाचा खास म्हणावा असा आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांसारख्या विषयांत बी.एस्सी. ऑनर्स केलेल्यांसाठी या विद्यापीठाने अनेक दशके तीन वर्षांचा बी.टेक. अभ्यासक्रम चालविला. पुढे विद्यापीठाने बारावीनंतरचा चार वर्षांचा अभ्यासक्रमही सुरू केला. शुद्ध विज्ञानाकडून तंत्रज्ञानाकडे वळण्याची बंगालमधील परंपरा प्रामुख्याने याच मार्गाने घडली.

थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मर्यादित असतात. मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के आणि पहिल्या वर्षी रिक्त राहिलेल्या जागा, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप आहे. मागणीच्या शाखांत पहिल्या वर्षी जागा रिकाम्या राहत नाहीत. त्यामुळे तेथे पदविकाधारकांच्या वाट्याला मोजक्याच जागा येतात. कमी मागणीच्या शाखांत मात्र रिक्त जागांची भर पडू शकते. कमी मागणीच्या शाखेचा विचार बारावीनंतरच्या विद्यार्थ्यापेक्षा पदविकाधारकाला अधिक करावा लागतो, त्याचे हे एक कारण आहे.

'कमी स्पर्धा' या शब्दांचा अर्थ

एखाद्या शाखेतील शेवटची जागा ज्या गुणवत्ता क्रमांकाच्या विद्यार्थ्याला मिळते, त्यास त्या शाखेचा कटऑफ म्हणतात. जादवपूर विद्यापीठात संगणकशास्त्राच्या खुल्या जागा पहिल्या काही शे क्रमांकांतच संपतात. मुद्रण किंवा बांधकाम अभियांत्रिकीच्या जागा काही हजार क्रमांकांपर्यंत उपलब्ध राहतात. दोन्ही विद्यार्थ्यांना पदवी एकाच विद्यापीठाची मिळते.

कटऑफवरून त्या वर्षी किती विद्यार्थ्यांनी शाखा मागितली, एवढेच कळते. अभ्यासक्रम सोपा आहे की अवघड, अध्यापन चांगले आहे की नाही, दहा वर्षांनी त्या क्षेत्रात काम असेल की नाही, यांपैकी कशाचेही उत्तर त्या आकड्यात नसते. कमी मागणीची शाखा सोपी असेल, हा समज तर हमखास फसवा ठरतो. ऊर्जा अभियांत्रिकीत उष्मागतिकी, द्रवयामिकी आणि विद्युतयंत्रे हे तिन्ही विषय येतात. चर्मतंत्रज्ञानात सेंद्रिय रसायनशास्त्र टाळता येत नाही. ज्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राचा मनापासून कंटाळा आहे, त्याने केवळ क्रमांक बसतो म्हणून ती शाखा घेतली, तर तीन-चार वर्षे त्याला त्याच विषयाशी झगडावे लागते.

शाखेला मागणी नसण्याची कारणेही वेगवेगळी असतात. काही शाखांचे नावच पालकांच्या परिचयाचे नसते. काहींचा उद्योग विशिष्ट शहरांतच एकवटलेला असतो. काहींच्या बाबतीत जुने सामाजिक पूर्वग्रह आड येतात. काही शाखांत मात्र कामाच्या संधी खरोखरच आकसलेल्या असतात. पहिल्या तीन कारणांमुळे मागे पडलेली शाखा अभ्यासू विद्यार्थ्यासाठी संधी ठरू शकते. चौथे कारण असल्यास सावध राहणे इष्ट.

जादवपूर विद्यापीठाच्या सॉल्ट लेकमधील शाखा

जादवपूर विद्यापीठाचे मूळ स्वदेशी चळवळीत आहे. बंगालच्या फाळणीनंतर १९०६ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. तिच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्यपद अरविंद घोष यांनी बडोद्याची नोकरी सोडून स्वीकारले होते. परिषदेच्या तंत्रशिक्षणाच्या कार्यातूनच पुढे २४ डिसेंबर १९५५ रोजी विद्यापीठ अस्तित्वात आले.

विद्यापीठाचे मुख्य संकुल दक्षिण कोलकात्यात आहे. सॉल्ट लेकच्या संकुलात ऊर्जा अभियांत्रिकी, बांधकाम अभियांत्रिकी, मुद्रण अभियांत्रिकी, इन्स्ट्रुमेंटेशन व इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान हे विभाग आहेत. यांपैकी माहिती तंत्रज्ञानास मोठी मागणी असते, तर पहिल्या तीन शाखा तुलनेने कमी स्पर्धेच्या मानल्या जातात.

ऊर्जा अभियांत्रिकीत वीजनिर्मिती, पारेषण आणि वितरण यांचा एकत्रित अभ्यास होतो. यंत्र आणि विद्युत या दोन शाखांच्या सीमेवरचा हा विषय आहे. बांधकाम अभियांत्रिकीचा गाभा स्थापत्याचाच असतो. मात्र प्रकल्पाचे नियोजन, खर्चाचा अंदाज आणि प्रत्यक्ष कार्यस्थळावरील व्यवस्थापन यांवर तीत अधिक भर असतो. मुद्रण अभियांत्रिकीत रंगविज्ञान, शाई व कागद यांचे गुणधर्म, छपाईयंत्रे, प्रतिमासंस्करण आणि वेष्टननिर्मिती असे विषय येतात. वृत्तपत्रांची छपाई घटली, तरी औषधे, खाद्यपदार्थ आणि प्रसाधने यांच्या वेष्टनांची छपाई हे या शाखेचे मोठे क्षेत्र आहे.

या विद्यापीठाकडे विद्यार्थी आकृष्ट होण्याचे एक व्यावहारिक कारण म्हणजे शुल्क. अभियांत्रिकीच्या नियमित शाखांचे शिक्षणशुल्क येथे दीर्घकाळ वर्षाला अवघे २,४०० रुपये राहिले. खासगी महाविद्यालयात त्याच काळात एका सत्रासाठी याच्या कितीतरी पट रक्कम भरावी लागत असे. कर्ज काढून खासगी महाविद्यालयातील संगणकशास्त्र घ्यावे, की कर्जाविना शासकीय विद्यापीठातील मुद्रण अभियांत्रिकी घ्यावे, असा हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे येतो. त्याचे उत्तर देताना शाखेइतकाच घरच्या आर्थिक स्थितीचाही विचार करावा लागतो.

कातडी कमावण्याचे शास्त्र

एलबी उपविभागातील शासकीय अभियांत्रिकी व चर्मतंत्रज्ञान महाविद्यालयाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये 'कलकत्ता रिसर्च टॅनरी' या नावाने संस्था सुरू झाली. पुढे तिचे 'बंगाल टॅनिंग इन्स्टिट्यूट' आणि नंतर चर्मतंत्रज्ञान महाविद्यालय असे नामांतर झाले. कालांतराने येथे संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान या शाखांची भर पडली आणि महाविद्यालयाच्या नावात 'अभियांत्रिकी' हा शब्द आला.

यामुळे एक लक्षणीय स्थिती निर्माण झाली. ज्या चर्मतंत्रज्ञानासाठी ही संस्था जन्मास आली, त्याच शाखेला आज तेथील संगणक शाखांपेक्षा कमी मागणी असते. एकाच इमारतीत, एकाच शुल्कात, शेजारच्या वर्गात संगणकाचा अभ्यास चालतो आणि आपल्याला चर्मतंत्रज्ञान घ्यावे लागते, याची खंत काही विद्यार्थ्यांना वाटते. प्रवेशानंतर शाखा बदलून घेता येईल, या आशेवर काही जण ही जागा स्वीकारतात. ती आशा कितपत रास्त आहे, याचा विचार पुढे केला आहे.

या शाखेचे भवितव्य कोलकात्याच्या चर्मोद्योगाशी निगडित आहे. तांगरा, तिलजला, तपसिया या भागांतील कातडी कमावण्याचे कारखाने शहराबाहेर हलविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिला. पर्यावरणविषयक कायदेतज्ज्ञ एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरील हा निकाल होता. त्यानंतर शहराच्या पूर्वेस बानतला येथे चर्मोद्योग संकुल उभे राहिले. कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या क्रोमियमयुक्त सांडपाण्यावर प्रक्रिया करणे, पाण्याचा वापर घटविणे आणि निर्यातीसाठी रासायनिक निकष पाळणे ही कामे जाणकार तंत्रज्ञाविना होत नाहीत. पुढील संशोधनासाठी चेन्नई येथे १९४८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय चर्मसंशोधन संस्था आहे. देशात ही पदवी देणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असल्याने पदवीधरांची संख्याही मर्यादित राहते. मात्र या उद्योगाची केंद्रे कोलकाता, कानपूर, चेन्नई, तमिळनाडूतील अंबूर-वाणियंबाडी अशी ठरलेली आहेत. नोकरी महाराष्ट्रातच हवी, असा आग्रह असणाऱ्यांनी ही बाब आधीच लक्षात घ्यावी.

विज्ञान पदवीधरांसाठी प्रकाशशास्त्र

कलकत्ता विद्यापीठाच्या सॉल्ट लेकमधील तंत्रज्ञान संकुलात संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञानाबरोबर उपयोजित प्रकाशशास्त्र व फोटॉनिक्स हा विभाग आहे. भिंगे, लेसर, प्रकाशतंतू आणि प्रकाशसंवेदक हे त्याचे विषय. भौतिकशास्त्राच्या पदवीधरास ही शाखा परकी वाटत नाही, कारण व्यतिकरण, विवर्तन, ध्रुवीकरण या संकल्पना त्याने आधीच अभ्यासलेल्या असतात. संगणकशास्त्राच्या जागेसाठी होणारी चुरस येथे नसते.

या मार्गाचा तोटा वर्षांचा आहे. तीन वर्षांची पदवी आणि त्यावर तीन वर्षांचा बी.टेक. मिळून सहा वर्षे जातात. बारावीनंतर थेट अभियांत्रिकीस गेलेला विद्यार्थी तोवर दोन वर्षे नोकरी करीत असतो. मात्र संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास दुहेरी पायाचा लाभ होतो.

प्रवेशानंतर शाखा बदलता येते का

कमी मागणीच्या शाखेत प्रवेश घेऊन पुढे हव्या त्या शाखेत जाण्याचा बेत अनेक जण आखतात. हा बेत सहसा सफल होत नाही. शाखाबदलाची सोय जेथे असते, तेथे ती पहिल्या वर्षाच्या निकालानंतर, रिक्त जागा असल्यास आणि वर्गातील अगदी वरच्या विद्यार्थ्यांनाच मिळते. मागणीच्या शाखेत जागा रिक्त होणे हेच मुळात दुर्मीळ. काही आयआयटींनी तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरील ताण कमी करण्यासाठी ही सोय अलीकडच्या वर्षांत बंद केली आहे.

थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या पदविकाधारकासाठी परिस्थिती आणखी कठीण असते. शाखाबदल सामान्यतः पहिल्या वर्षाअखेरीस होत असल्याने तो संस्थेत पाऊल टाकतो तेव्हा ती मुदत उलटून गेलेली असते. त्याला मिळालेली शाखा हीच त्याची अखेरची शाखा समजून निर्णय घेणे शहाणपणाचे.

याला एक अंशतः पर्याय आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीसाठी १६० श्रेयांक ठरविण्यात आले. त्याव्यतिरिक्त १८ ते २० श्रेयांकांचा जादा अभ्यास केल्यास दुसऱ्या विषयातील उपपदवी, म्हणजे 'मायनर', देण्याची तरतूद आहे. मुद्रण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने प्रतिमासंस्करणाशी निगडित संगणकविषयक अभ्यास केला, तर दोन्ही विषय एकमेकांना पूरक ठरतात. ही सोय प्रत्येक संस्थेत असतेच असे नाही. ती आपल्या संस्थेत आहे का, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे.

नोकरीच्या जाहिरातीतील शाखेचे नाव

कमी परिचित शाखेचा खरा कस नोकरीच्या वेळी लागतो. या दृष्टीने नोकऱ्यांचे तीन गट पडतात.

पहिल्या गटात कोणताही पदवीधर चालतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा, बँकांच्या परीक्षा, व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशासाठीची कॅट परीक्षा यांत शाखेचा प्रश्न येत नाही. अनेक मोठ्या संगणक कंपन्याही निरनिराळ्या शाखांच्या अभियंत्यांना सेवेत घेतात. मुद्रण किंवा बांधकाम अभियांत्रिकीचा पदवीधर पुढे सेक्टर पाचमधील संगणक कंपनीत काम करीत आहे, हे दृश्य सॉल्ट लेकमध्ये नवलाचे नाही.

दुसऱ्या गटात शाखेचे नाव बारकाईने पाहिले जाते. सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्या जाहिरातीत प्रत्येक पदासाठी मान्य शाखांची यादी देतात. राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाच्या, म्हणजे एनटीपीसीच्या, अभियंता भरतीत विद्युत गटात ऊर्जा अभियांत्रिकीचा आणि स्थापत्य गटात बांधकाम अभियांत्रिकीचा समावेश झालेला आहे. मात्र प्रत्येक कंपनीची यादी अशी व्यापक असतेच असे नाही. गेट परीक्षेत मुद्रण किंवा चर्मतंत्रज्ञान यांसाठी स्वतंत्र विषयपत्रिका नाही. अशा विद्यार्थ्यांना जवळच्या अन्य विषयाची तयारी करावी लागते. केंद्रीय अभियांत्रिकी सेवा परीक्षेतही स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार हे चारच गट आहेत.

तिसऱ्या गटात नेमकी हीच अपरिचित शाखा मागितली जाते. चलनी नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन या केंद्र सरकारच्या कंपनीची स्थापना २००६ मध्ये झाली. नाशिक रोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि चलार्थपत्र मुद्रणालय तिच्याच अखत्यारीत येतात. या कंपनीने पर्यवेक्षकाच्या पदांसाठी मुद्रण तंत्रज्ञानाची अर्हता मागितलेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोटमुद्रण कंपनीचा एक छापखाना पश्चिम बंगालमधील सालबोनी येथे आहे. अशा पदांची संख्या थोडी असते, तसे पात्र उमेदवारही थोडे असतात.

सारांश, शाखा निवडताना आपण यांपैकी कोणत्या गटाकडे पाहत आहोत, हे विद्यार्थ्याने ठरविणे आवश्यक आहे. पहिल्या गटाकडे पाहणाऱ्यास विद्यापीठाचे नाव अधिक उपयोगी पडते. दुसऱ्या गटाकडे पाहणाऱ्याने शाखेशी तडजोड करण्यापूर्वी मागील काही वर्षांच्या भरतीच्या जाहिराती वाचाव्यात. तिसऱ्या गटासाठी तर त्या शाखेची पदवीच हवी.

पसंतीक्रम भरताना

संगणकीकृत जागावाटपात विद्यार्थ्याच्या क्रमांकानुसार त्याच्या यादीतील सर्वांत वरचा उपलब्ध पर्याय त्याला मिळतो. वरचा पर्याय अवघड असला, तरी तो लिहिल्यामुळे खालच्या पर्यायावरील हक्क जात नाही. त्यामुळे यादीचा क्रम केवळ आवडीनुसार असावा. 'हे तरी नक्की मिळेल' असे म्हणून कमी मागणीची शाखा यादीत वर लिहिणारा विद्यार्थी, वरच्या क्रमांकावर तीच मिळाल्यामुळे, त्याहून चांगल्या पर्यायाला स्वतःहून मुकतो. कमी मागणीची शाखा लिहायची असेल, तर तिची जागा यादीच्या मधल्या वा शेवटच्या भागात असावी.

तसेच, जी शाखा मिळाली तरी घ्यायची नाही, ती यादीत लिहूच नये. मिळालेली जागा नाकारल्यास पुढील फेरीतील संधी आणि भरलेली रक्कम या दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. त्यासंबंधीचे नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात.

बंगालमध्ये वास्तव्यास असलेल्या मराठी कुटुंबांनी रहिवासाच्या अटीकडे विशेष लक्ष द्यावे. जादवपूरच्या अभियांत्रिकीच्या जागांचा मोठा हिस्सा राज्यातील रहिवाशांसाठी राखीव असतो. सलग दहा वर्षांचे वास्तव्य सिद्ध करणारे प्रमाणपत्र विहित नमुन्यात सादर करावे लागते. बँक, रेल्वे किंवा केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त काही वर्षांसाठी कोलकात्यास आलेल्या कुटुंबांतील मुलांना ही अट अडचणीची ठरू शकते. वार्षिक उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा कमी असलेल्या कुटुंबांसाठी शिक्षणशुल्क माफीच्या जागांची योजना आहे. तिच्यासाठी अर्ज करताना स्वतंत्र पर्याय नोंदवावा लागतो.

महाराष्ट्रातील समांतर चित्र

महाराष्ट्रात पदविकाधारकांना थेट द्वितीय वर्ष प्रवेशाची केंद्रीभूत प्रक्रिया परिचयाची आहे. येथेही असेच पर्याय आहेत. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये सुरू झाला. पूर्वी 'यूडीसीटी' आणि आता रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून तो ओळखला जातो. रासायनिक अभियांत्रिकीची जागा न मिळालेले विद्यार्थी तेथे रंगद्रव्ये, तेले, बहुवारिके, तंतू अशा विशेष शाखांना प्रवेश घेत आले. त्यातील अनेकांनी पुढे त्याच विशेष ज्ञानावर उद्योग उभारले.

वस्त्रतंत्रज्ञानासाठी मुंबईची व्हीजेटीआय आणि इचलकरंजीची डीकेटीई संस्था प्रसिद्ध आहेत. मुद्रणासाठी मुंबईत शासकीय मुद्रण तंत्रज्ञान संस्थेची पदविका, तर पुण्यात पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी, अशी वाट राहिली आहे. इचलकरंजीत वस्त्रोद्योग दाराशी असल्याने त्या शाखेला जो संदर्भ लाभतो, तोच कोलकात्यात चर्मतंत्रज्ञानाला बानतलामुळे लाभतो. विशेष शाखा निवडताना तिचा उद्योग किती अंतरावर आहे, हे पाहण्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते.

परदेशातील पद्धत

अमेरिकेतील मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात भेडसावतो. कॅलिफोर्नियात दोन वर्षे सामुदायिक महाविद्यालयात शिकून पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात जाण्याची रूढ पद्धत आहे. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ ही सहा संकुले अटींची पूर्तता करणाऱ्या विद्यार्थ्यास प्रवेशाची हमी देतात. ही हमी एकाच संकुलासाठी घेता येते आणि मागणीचे काही विषय तिच्यातून वगळलेले असतात. सोपा वाटणारा विषय दाखवून आत शिरावे आणि नंतर संगणकशास्त्राकडे वळावे, हा मार्ग तेथेही अरुंद होत गेला आहे, कारण मागणीच्या विषयांत आतून होणाऱ्या बदलावर विद्यापीठांनी निर्बंध आणले आहेत.

निर्णयापूर्वी तपासावयाच्या बाबी

१. शाखेचा संपूर्ण अभ्यासक्रम सत्रनिहाय वाचावा. त्यातील निम्म्याहून अधिक विषयांबद्दल कुतूहल वाटत नसेल, तर फेरविचार करावा.

२. मागील तीन वर्षांचे कटऑफ पाहावेत. एकाच वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये, कारण छोट्या तुकडीत तो मोठ्या प्रमाणात वरखाली होतो.

३. संस्थेच्या एकत्रित नोकरीविषयक आकडेवारीऐवजी त्या विशिष्ट शाखेची माहिती मागावी. शक्य झाल्यास शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना भेटून बोलावे.

४. इच्छित नोकरीच्या जाहिरातीत शाखेचे नेमके नाव आहे का, हे पाहावे. नसल्यास समकक्षतेचे प्रमाणपत्र मिळते का, याची चौकशी करावी.

५. पदविका एका शाखेची आणि पदवी दुसऱ्या शाखेची असल्यास सुटलेले गणित व पायाभूत विषय भरून काढण्यासाठी पूरक वर्ग आहेत का, हे विचारावे.

६. एकूण खर्च, निवास आणि कर्जाची परतफेड यांचा हिशेब कुटुंबाने एकत्र बसून कागदावर मांडावा.

कमी मागणीची शाखा घेणे म्हणजे हार पत्करणे नव्हे, तसेच ती विद्यापीठात शिरण्याची चोरवाटही नव्हे. तो विषय शिकण्याची तयारी असलेल्या विद्यार्थ्यास चांगले ग्रंथालय, अनुभवी अध्यापक, अभ्यासू सहाध्यायी आणि परवडणारे शुल्क यांचा लाभ चार वर्षे मिळतो. ती तयारी नसल्यास केवळ विद्यापीठाच्या नावावर ही वर्षे निभावणे कठीण जाते. पसंतीक्रमाचा अर्ज बंद होण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःस एवढेच विचारावे : शाखा पुढे कधीही बदलता आली नाही, तरी ही जागा आपल्याला हवी आहे काय? उत्तर होकारार्थी असेल, तर कटऑफच्या यादीत ती शाखा कितव्या स्थानी आहे, याची चिंता करण्याचे कारण नाही.